बेंटिंकियाची पाच पाने

मी, जयमाला श्याम कारखानीस, वय वर्षे त्रेसष्ट, मूळ राहणार दादर, मुंबई, हल्ली राहणार ग्योतोकु, इचिकावा शहर, चिबा प्रांत, जपान, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. असल्या कागदात हे वाक्य सगळेच लिहितात. मी ते विचार करून लिहिले आहे, कारण कलम सहा त्याच्यावर उभे आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दुखण्याची गोळी सुरू आहे, पण आज लिहून होईपर्यंत ती घेतलेली नाही, म्हणजे मागाहून कोणी गोळीचे नाव पुढे करायला नको.

इथल्या कायद्याने मृत्युपत्र सबंध हाताने लिहावे लागते आणि त्यावर तारीख व शिक्का लागतो. आपल्याकडे दोन साक्षीदार लागतात. मी दोन्ही करीत आहे. श्याम असते तर त्यांनीही दोन्ही केले असते आणि वर झेरॉक्स काढून ठेवली असती.

गेल्या ऑगस्टच्या अखेरीस माझ्या पोटाची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांच्या अंदाजाने माझ्यापाशी एक वर्ष आहे, फार तर थोडे अधिक. या कागदात घर आहे, बचत आहे, बांगड्या आहेत. पण मी लिहायला बसले ती एका झाडामुळे. ते झाड जगेल की नाही हे आज सांगता येत नाही. ते या अवस्थेला कोणामुळे आले याबद्दल माझ्या घरात गेले अडीच महिने एक खोटी गोष्ट खरी म्हणून चालली आहे. ती माझ्या सुनेच्या, केतकीच्या नावावर लागली आहे. ती तिथून काढणे हा या मृत्युपत्राचा मुख्य उद्देश समजावा.

१. माझे पती कै. श्याम मुंबईच्या एका ट्रेडिंग कंपनीत होते. कंपनीने १९८७ साली आम्हाला तीन वर्षांसाठी ओसाकाला पाठवले. तीनाची बारा झाली. ओसाकाचे ऑफिस १९९९ मध्ये बंद झाले, तेव्हा श्यामनी टोकियोत एका जपानी कंपनीत नोकरी धरली आणि ग्योतोकुत हे दोन खोल्यांचे घर घेतले. ६ फेब्रुवारी २००४ रोजी ते वारले. आम्हाला एकच मुलगा, स्वानंद. तो २००२ मध्ये पुण्याच्या कंपनीतर्फे सॉफ्टवेअरच्या करारावर टोकियोला आला. त्याची पत्नी केतकी आणि मुलगी चारुता, वय नऊ. ते इथून सायकलने सात मिनिटांवर राहतात. मला दुसरा वारस नाही, दुसरे कुटुंब नाही, आणि कोणी तसे सांगत आल्यास ते खोटे आहे.

२. घर स्वानंदला द्यावे. त्याचा करार २०१० च्या मार्चमध्ये संपतो आणि सध्या कोणाचेच करार वाढत नाहीत असे तो सांगतो. मग ते पुण्याला जातील. त्याने घर विकावे. मला त्याचे काही वाटत नाही. विकण्याआधी कपाटे, पलंग वगैरे टाकायचे झाल्यास शहर कचेरीला अगोदर फोन करावा, कोनबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तासांच्या दुकानातून, चिकटवायची चिठ्ठी आणावी, आणि नेमून दिलेल्या दिवशीच सामान खाली न्यावे. स्वानंद, बाबा गेल्यावर तू त्यांचे कपाट तसेच खाली नेऊन ठेवलेस. कचरेवाल्यांनी त्यावर लाल कागद लावला आणि ते आठवडाभर इमारतीच्या दारात उभे होते. येताजाता मला ते दिसायचे. तेव्हा मी बोलले नाही. आता बोलून टाकते.

३. पोस्टातील व बँकेतील शिल्लक आधी माझ्या उपचारांसाठी व दहनासाठी वापरावी; उरेल ती चारुताच्या शिक्षणाला. चारुताला मराठी सगळे समजते, पण ती उत्तर जपानीत देते. हा कागद तिला वाचता येणार नाही. दोष तिचा नाही, तिच्या आईचाही नाही. केतकी तिला दर रविवारी बाराखडीसाठी माझ्याकडे पाठवायची आणि मी तिला बिस्किटे देऊन झाडाची पाने पुसायला बसवायचे.

दहन इथेच करावे. इथल्या रीतीप्रमाणे नंतर दोन नातलगांनी मिळून एकेक अस्थी काड्यांनी उचलून कलशात ठेवायची असते. श्यामच्या वेळी एका बाजूने मी धरले आणि दुसऱ्या बाजूने केतकीने. स्वानंदला ते पाहवले नाही, तो बाहेर उभा राहिला. माझ्या वेळी त्याला आग्रह करू नये. दहावे, तेरावे काही करू नये. फोटोला हार घालू नये. माझा एकही फोटो चांगला नाही.

४. माझ्या आईच्या चार सोन्याच्या बांगड्या माझी धाकटी बहीण विद्या हिला द्याव्यात. ती दादरच्या आमच्या जुन्या घरीच राहते. या बांगड्या आईने मला दिल्या होत्या, त्यामुळे त्या माझ्याच आहेत, याबद्दल वाद नाही. तरी विद्याला द्याव्यात.

आम्ही ओसाकाला निघालो तेव्हा स्वानंद दहावीला होता, म्हणून तो विद्याकडे राहिला. दहावी झाली, कॉलेज झाले, तो तिथेच राहिला. १९९३ च्या जानेवारीत, सोमवारी, विद्याचा फोन आला की आईची तब्येत बिघडली आहे, ताबडतोब ये. श्याम कामासाठी सेंदाईला गेले होते आणि गुरुवारी परतणार होते. तेव्हा झाड चार वर्षांचे होते, वीतभर उंच, तीन पानांचे. खोलीत रॉकेलचा हीटर होता आणि तो दिवसातून दोनदा भरावा लागे. त्या आठवड्यात ओसाकात बर्फ पडत होते. मी गुरुवारपर्यंत थांबले, श्यामच्या हातात रॉकेलचा डबा दिला आणि विमानतळावर गेले. आई बुधवारी गेली होती.

विद्याने मला दारातच विचारले, "मुलगा माझ्याकडे, आई माझ्याकडे, आणि तू तिकडे कुंडीशेजारी बसून काय राखत होतीस?" मी सांगितले की तिकीट मिळाले नाही. तिकीट मंगळवारचे मिळत होते. विद्याला हे माहीत असावे, कारण त्यानंतर तिने मला कधी पुन्हा विचारले नाही. पंधरा वर्षे आम्ही दिवाळीला फोन करतो आणि हवेबद्दल बोलतो. बांगड्यांबरोबर या कलमाची प्रत तिला पाठवावी.

५. आता झाडाविषयी. हे झाड ताडामाडांच्या कुळातले आहे. त्याचे शास्त्रीय नाव बेंटिंकिया. मराठीत त्याला नाव असल्यास मला माहीत नाही. केरळ आणि तमिळनाडूकडच्या उंच सह्याद्रीत, धुक्यातल्या कड्यांवर ते आपणहून वाढते. हत्तींना ते फार आवडते. म्हणून हत्ती जिथे पोचू शकत नाहीत अशा कड्यांवरच ते उरले आहे, असे श्याम घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. आणि पाहुणा चहाचा कप खाली ठेवेपर्यंत थांबून म्हणत, "ग्योतोकुत हत्ती नाहीत. इथे ते सुरक्षित आहे."

श्यामचे कॉलेजमधले मित्र नंदू सामंत तिकडे चहाच्या मळ्यावर मॅनेजर होते. त्यांनी १९८८ च्या सुट्टीत नऊ बिया दिल्या. श्यामनी त्या रीतसर तपासून घेतल्या आणि सरकारी दाखल्यासह आणल्या. तो दाखला लाल फाइलीत आहे. ओसाकाच्या विमानतळावरील अधिकाऱ्याने बिया मोजल्या, दाखला वाचला आणि पुन्हा मोजल्या. श्याम मला हळूच म्हणाले, "असा जावई मिळाला पाहिजे." आम्हाला मुलगी नव्हती.

बिया ओल्या शेवाळात घालून डब्यात ठेवल्या आणि डबा फ्रीजवर, तिथे ऊब असते म्हणून. पाच महिन्यांनी तीन उगवल्या. एक पहिल्या थंडीत गेली. एकीला मी नळाचे गार पाणी घातले. तिसरी ही. ओसाकाहून इकडे येताना बाकी सामान ट्रकने आले. झाडासाठी श्यामनी व्हॅन भाड्याने घेतली आणि दिवसभर इतकी सावकाश चालवली की मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. मी मागे कुंडीला मिठी मारून बसले होते. आमच्या सबंध संसारात त्यांनी इतकी सावकाश कुठलीच गोष्ट केली नव्हती.

श्याम प्रत्येक पानाची नोंद ठेवत: कोंब कधी दिसला, कधी उघडला, लांबी किती. वर्षाला एक पान, चांगल्या वर्षी दोन. ते गेल्यावर झाड माझ्याकडे आले. मी मागितले नव्हते. पण मी नोंदी चालू ठेवल्या. यंदाच्या ऑगस्टमध्ये खोड माझ्या खांद्याइतके होते आणि त्यावर सहा पाने होती. सर्वांत वरचे छताला टेकत होते.

६. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अ‍ॅग्नेस ख्रिस्ती मुलींना कबुलीजबाबाची तयारी करून घेत, तेव्हा आम्ही हिंदू मुली मागच्या बाकांवर शिवण करीत बसायचो. त्या सांगत की आधी कृत्य सांगायचे, कारण मागून. कारण आधी आले की कृत्य लपते. त्या शिकवणीचा उपयोग पहिल्यांदाच करीत आहे.

शुक्रवार, ५ सप्टेंबर २००८ रोजी संध्याकाळी मी केतकीला फोनवर या झाडाची पाने कापण्याची परवानगी दिली. तिने विचारले होते. मी हो म्हटले. मी काय बोलत आहे हे मला कळत होते आणि त्यानंतर एकही दिवस मी ते विसरले नाही.

आता बाकीचे. इकडच्या सॉफ्टवेअरमधल्या मराठी मुलांनी चार वर्षांपूर्वी गणपती सुरू केला. चतुर्थीला सुट्टी नसते, म्हणून पुढच्या शनिवारी, भाड्याच्या सार्वजनिक हॉलमध्ये, सकाळी प्रतिष्ठापना आणि संध्याकाळी पाचच्या आत आवराआवर. हॉलचा नियम असा की सजावटीचा कचरा वेगवेगळा करून आपापल्या घरी न्यायचा. गेल्या वर्षी थर्माकोलचे मखर कोणी न्यायचे यावरून भांडण झाले. म्हणून यंदा खऱ्या पानांचे मखर करायचे ठरले. केळीची पाने मिळेनात. आंब्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हा मंडळाचे प्रताप सबनीस यांच्या पत्नी सिंधू म्हणाल्या की केतकीच्या सासूबाईंकडे एवढे माडाचे झाड आहे की. माडाची पाने कापली की पुन्हा येतात, असे आपल्यातल्या ज्याच्या घरी कधी नारळ होता त्या प्रत्येकाला वाटते. हे झाड वर्षाला एक पान देते, हे कोणाला माहीत असणार? श्याम सगळ्यांना हत्तींचेच सांगत.

मी तेव्हा इस्पितळात होते. त्याच शुक्रवारी सकाळी तपासणीचा निकाल आला होता. डॉक्टर इथल्या पद्धतीने आधी घरच्यांशी बोलले. स्वानंदची मीटिंग होती, म्हणून केतकी एकटी होती. डॉक्टरांचे जपानी आमच्यात तिलाच नीट कळते. पेशंटला सांगायचे की नाही, असे त्यांनी तिला विचारले. ती माझ्या खोलीत आली, खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि म्हणाली, "आई, सगळं काढता आलेलं नाही." मग तिने मला एकेक गोष्ट नीट सांगितली. ती रडली नाही, मीही नाही. ती गेल्यावर मी जेवण आले ते जेवले. मिसो सूप, भात, एक लोणच्याचा तुकडा. सगळे संपवले.

संध्याकाळी वॉर्डाच्या कोपऱ्यातल्या फोनवर मला बोलावले. केतकी माझ्या घरी झाडाला पाणी घालायला आली होती.

"आई, मखराला पानं हवी आहेत. तुमच्या झाडाची घेऊ का? नको असेल तर मी नाही सांगते त्यांना."

"घे."

"किती घेऊ?"

"हवी तेवढी घे."

"नक्की ना?"

"घे म्हटलं ना एकदा."

तिला वाटले असणार की आईंच्या हातची पाने देवाला गेली तर बरेच. मला काय वाटले ते लिहायचे तर, काहीच वाटले नाही. सकाळपासूनच वाटत नव्हते. पण तेवढेच लिहिले तर ते अर्धे होईल. फोन ठेवताना एक क्षण मला हलके वाटले. एकोणीस वर्षे कोणाला तरी घरी थांबावे लागत होते. आता थांबावे लागणार नाही, असे काहीसे मनात आले.

मी मंगळवार, १६ सप्टेंबर रोजी घरी आले. स्वानंदने मला धरून आणले. केतकी स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. झाडावर एक पान होते आणि एक मिटलेला कोंब. खालची पाच पाने तिने खोडाशी, एकाच बाजूने, स्वच्छ कापली होती. मी त्याच्याकडे पाहिले आणि स्वानंदसमोर म्हणाले, "माझ्या झाडाला हात लावायला कुणी सांगितलं?"

केतकी सुरी हातात घेऊन दाराशी आली आणि माझ्याकडे पाहत राहिली. ती आता बोलेल असे मला वाटले. स्वानंद बोलला. तो म्हणाला, "अक्कल आहे का तुला? बाबांचं झाड ते. आई मरणाच्या दारात आणि तू मखरं करत बसलीस." मी गप्प राहिले. त्या वेळी एक शब्द पुरला असता. दुसऱ्या दिवशी दोन लागले असते. नंतर किती लागतील याचा मी विचार करणे सोडले.

हे घराबाहेर गेले. स्वानंदने मंडळाच्या लोकांना रागाने फोन केले. प्रतापने माझी माफी मागितली आणि वातावरण सैल करायला म्हणाला, "काकू, शेवटी हत्तीनेच खाल्ली म्हणायची." मी हसले नाही. श्याम हसले असते. सिंधूने दिवाळीच्या कार्यक्रमात सगळ्यांसमोर केतकीला विचारले, "यंदा कुणाच्या झाडाची पाळी?" आणि बायका हसल्या, असे चारुताने मला सांगितले, जपानीत. पानांची कल्पना सिंधूचीच होती. केतकी अर्ध्या कार्यक्रमातून उठून आली. तिने मंडळाचे स्वयंपाकाचे काम सोडले आहे. स्वानंद तिच्याशी कामापुरते बोलतो. माझ्याशी ती औषधांपुरते बोलते. आणि दर एक दिवसाआड सायकलवरून येऊन झाडाचे सगळे करते. हे तिला कोणी सांगितलेले नाही.

७. हे झाड मी माझी सून केतकी स्वानंद कारखानीस हिला देत आहे, संपूर्णपणे तिच्या मालकीचे म्हणून. तिने ते ठेवावे, कोणाला द्यावे, किंवा फेकून द्यावे. चिबातल्या एका बागेने ते आपल्या काचघरात ठेवून घेण्याची तयारी दाखवली आहे. ते पत्रही केतकीनेच मला न विचारता लिहून मिळवले. तिने काहीही केले तरी तिला कोणी कारण विचारू नये. स्वानंदला या बाबतीत मत नाही.

तिने ठेवायचे ठरवल्यास एवढे लक्षात घ्यावे. ताडामाडांना फांद्या नसतात, वाढायला एकच जागा असते, तो कोंब. तो ओढून पाहू नये. फक्त दोन बोटांत धरावा. घट्ट लागला तर आत जीव आहे, निसटून हातात आला तर संपले. पान पिवळे पडू लागले तरी ते पूर्ण वाळेपर्यंत कापू नये, कारण झाड त्यातले सत्त्व परत घेत असते. पाणी कोमट, शक्यतो पावसाचे. ताटलीत पाणी साचू देऊ नये. हीटरचा झोत लागू देऊ नये. थंडीपेक्षा कोरडी हवा त्याला लवकर मारते. कुंडी बदलायची तर जूनमध्ये आणि मुळे न हलवता. पावसाळ्यात बाल्कनीत ठेवावे, पण शेजारच्या इशिई-सानच्या, म्हणजे इशिईबाईंच्या, बाजूचा पातळ फळीचा पडदा मोकळा राहिला पाहिजे. आग लागल्यास तो फोडून जायचा असतो. श्यामनी एकदा तिथे कुंडी ठेवली आणि इशिई-सान दोन दिवस काही बोलल्या नाहीत, मग केक घेऊन आल्या आणि तो पडदा फार सुंदर आहे असे म्हणाल्या. तेवढ्यावरून कळायला हवे.

कोंब सप्टेंबरपासून हललेला नाही. मी त्याच्या टोकाशी दोरा बांधला आहे; दोरा आहे तिथेच आहे. थंडीत तो तसाही हलत नाही. काय ते मे महिन्यात कळेल.

८. श्यामची पानांची वही झाडाबरोबर जावी. तीत एक नोंद कमी होती, ती मी आज केली: "५ सप्टें. २००८. पाच पाने कापली. जयमालाच्या परवानगीने." खाली सही केली आहे. पितळी फवारा, हवेतला ओलावा मोजायचे यंत्र आणि लांबट मातीच्या दोन कुंड्या ज्याच्याकडे झाड जाईल त्याला. श्यामचे भिंग चारुताला. माझ्या साड्या कोणाला नको असतील तर टाकून द्याव्यात, मुंबईला पाठवण्याचा खटाटोप करू नये.

९. स्वानंद, तुला घर दिले आहे, त्याला कुठलीही अट घातलेली नाही. घालावी असे वाटले होते. पण तू मंडळात ज्यांना ज्यांना फोन केलेस, त्यांची यादी तुझ्यापाशी आहे, माझ्यापाशी नाही. केतकीला तू माझ्यासमोर जे बोललास ते माझ्या वाक्यामुळे बोललास, हे खरे. पण शब्द तुझे होते. पंधरा वर्षांचा असताना तुला मी दादरला सोडून आले आणि तू विमानतळावर माझ्याशी बोलला नाहीस. तेव्हापासून माझी बाजू घ्यायची संधी तू शोधत असतोस, हे मला दिसते. तशी गरज नव्हती. तुझा राग मला त्या वेळीच मान्य होता.

१०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी प्रताप सबनीस यांनी करावी. ते हिशेबी आहेत आणि त्यांना माझ्याकडून काही मिळणार नाही. जपानी भाषांतर लागेल. ते केतकीकडून करून घेऊ नये, पैसे देऊन करून घ्यावे. कलम सहा तिने स्वतः भाषांतरित करावे हे बरोबर नाही.

११. हे सर्व माझ्या पश्चात वाचले जावे, असे मी प्रथम ठरवले होते. परंतु दहा कलमे लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आले की ती सोय फक्त माझी आहे. केतकीला वर्षभर थांबावे लागले असते, आणि मला तिच्यासमोर बसावे लागले नसते. म्हणून आज सकाळी अकरा वाजता मी सगळ्यांना बोलावले आणि सही करण्यापूर्वी कलम सहा ते नऊ मोठ्याने वाचले. हजर: स्वानंद, केतकी, चारुता, प्रताप, आणि साक्षीदार म्हणून इशिई-सान, ज्यांना मराठी येत नाही. नंतर जे झाले ते इथे नोंदवत आहे.

वाचून झाल्यावर प्रताप खिडकीकडे पाहत होता. सगळे केतकीकडे वळले म्हणून इशिई-साननीही तिच्याकडे वळून मान लववली. स्वानंद मला म्हणाला, "आई, तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?" मग तो केतकीकडे वळला. चारुताने आईचा हात धरला.

केतकी म्हणाली, "तुम्हाला आठवतंय, हे मला माहीत होतं, आई."

मी विचारले, "मग बोलली का नाहीस?"

"त्या दिवशी इस्पितळात ते मीच सांगितलं होतं ना तुम्हाला. राग कुणावर तरी निघायलाच हवा होता." मग ती म्हणाली, "इतके दिवस निघेल असं वाटलं नव्हतं."

मी तिची क्षमा मागितली. शब्द साधे होते, ते इथे लिहीत नाही. तिने मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नुसतीच, हे मला कळले नाही आणि मी विचारले नाही. मग ती उठून झाडापाशी गेली, कोंब दोन बोटांत धरून पाहिला आणि परत येऊन बसली. काय लागले ते तिने सांगितले नाही.

झाड फेकून देण्याची मुभा देणारे कलम सातमधले शब्द मी वाचले तेव्हा तिने वर पाहिले होते. म्हणून मी तिला विचारले की ते शब्द खोडून टाकू का.

ती म्हणाली, "असू देत."

येणेप्रमाणे लिहून, वाचून, वाचून दाखवून, खालील साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत मी सही केली व शिक्का उमटवला. यात वाटा असलेल्या कोणाही व्यक्तीस साक्षीदार केलेले नाही.

(सही व शिक्का)
जयमाला श्याम कारखानीस

साक्षीदार:
१. प्रताप वसंत सबनीस, ग्योतोकु
२. इशिई काझुको, शेजारी, याच मजल्यावर. मजकूर न वाचता केवळ सहीची साक्ष

स्थळ: ग्योतोकु, इचिकावा
दिनांक: रविवार, ३० नोव्हेंबर २००८

एकूण पृष्ठे अकरा. कलम सातमध्ये खाडाखोड नाही.